दहा रुपयांची थाळी आणि एक फोटो

मागच्या उन्हाळ्यात थोरल्या भावाच्या शस्त्रक्रियेसाठी मराठवाड्यातील एका जिल्हा रुग्णालयात अकरा दिवस काढावे लागले आणि त्यांपैकी नऊ दिवस मी दुपारी फाटकासमोरच्या, राज्य शासनाच्या योजनेतून दहा रुपयांत थाळी देणाऱ्या शिवभोजन केंद्रात जेवलो. सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला जेवण मिळते, पण त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाने काय खावे याची तजवीज कोणी केलेली नसते, आणि वॉर्डातील प्रत्येक खाटेमागे असा एक तरी माणूस असतोच. शेजारच्या खानावळीत साधी थाळी नव्वद रुपयांना होती. ती मला परवडली नसती असे नाही. पहिल्या दिवशी मी केंद्रात शिरलो तो केवळ ते दोन पावले जवळ होते म्हणून. पुढचे आठ दिवस मात्र ठरवून गेलो. केंद्राचे नाव आणि गाव मुद्दामच देत नाही, कारण ते चालवणाऱ्या बचत गटाच्या बायकांना माझ्या कौतुकाचा फायदा होण्यापेक्षा माझ्या तक्रारींचा त्रास होण्याचीच शक्यता अधिक आहे.

आधी अन्नाविषयी. नियमाने ठरलेली थाळी अशी : प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भाताची एक मूद. पोळ्या तेथेच लाटल्या जात होत्या आणि बाराच्या सुमारास गेल्यास तव्यावरून थेट ताटात पडत, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. भाजीत दुधी, कोबी, बटाटा आणि मटकीची उसळ आलटून पालटून असत. उसळीच्या दिवशी रांग दुप्पट लांब असे, आणि ती उसळ खरोखरच चांगली होती, कांदा नीट परतलेला, वर काळा मसाला, मटकी मोडलेली नाही. वरण पातळ होते. किती पातळ, ते दिवसागणिक बदलत असे, आणि रांग लांबली की पातेल्यात तांब्याभर पाणी पडताना मी स्वतः पाहिले आहे, परंतु लसणाची फोडणी रोज असे आणि वरण रोज गरम असे. भात जाड तांदळाचा, मोकळा शिजवलेला. ज्याला हवे त्याला ठेचा मिळे. तो नियमात नाही, तो बायकांच्या पदरचा होता. नऊ दिवसांत एकदाही पोट बिघडले नाही.

प्रश्न चवीचा नाही, मापाचा आहे. वरील सर्व वजनांची बेरीज केली तर ती ४१० ग्रॅम होते. माझ्यासारख्या दिवसभर खुर्चीत बसून मुद्रिते तपासणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला तेवढे पुरते, किंबहुना जास्तच होते. पण माझ्या शेजारी बसणारा तरुण सकाळी बांधकामावर विटा वाहून, दुपारी वडिलांना भेटायला येत असे, आणि दोन पोळ्या तो चार घासांत संपवून भाताकडे वळे. एका माणसाला एकच थाळी हा नियम आहे. थाळीचे माप ठरवताना भुकेल्या माणसाचे काम कोणते, हे विचारात घेतले असेल असे वाटत नाही.

आता हिशेब, कारण त्याच्याशिवाय या केंद्राला दोष देणे अन्यायाचे होईल. योजना २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली तेव्हा शहरी भागात एका थाळीची किंमत ५० रुपये धरली गेली, त्यांपैकी १० रुपये जेवणाऱ्याने द्यायचे आणि ४० रुपये शासनाने. ग्रामीण भागात हीच किंमत ३५ रुपये होती आणि शासनाचा वाटा २५. पुढे करोनाच्या टाळेबंदीत ताट पाच रुपयांना मिळू लागले आणि एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध पुन्हा आले तेव्हा काही महिने ते मोफतच होते. त्या काळात या योजनेने किती जणांना तारले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी तिला नावे ठेवताना जपूनच बोलावे. जेवणाऱ्याचे दहा रुपये लगेच हातात पडतात. उरलेले पैसे देयके मंजूर होऊन येतात, आणि ती देयके महिनोन्महिने थकल्याच्या बातम्या २०२५ मध्ये वारंवार छापून आल्या. तूरडाळ, तेल आणि सिलिंडर उधारीवर आणून, जागेचे भाडे भरून, पन्नास रुपयांच्या हिशेबात ताट वाढणाऱ्या बाईने वरणात पाणी घातले तर ते पाणी नेमके कोणी घातले, असे मला त्या पातेल्याकडे पाहताना रोज वाटे.

जागा लहान होती. पत्र्याची शेड, लोखंडी बाके, कप्प्यांची स्टीलची ताटे. ताटे स्वच्छ असत. हात धुण्याच्या दोन नळांपैकी एक मी असेपर्यंत दुरुस्त झाला नाही. पिण्याच्या पाण्याचा जार होता पण पेले अपुरे होते, आणि ओंजळीने पाणी पिण्याची सवय मोडलेल्या माझ्यासारख्यांची त्यामुळे पंचाईत होत असे. भिंतीवरच्या फलकावर वेळ दुपारी १२ ते २ अशी लिहिलेली होती. प्रत्यक्षात ताटे बहुतेक दिवशी सव्वा वाजेपर्यंत संपत, कारण केंद्राला दिवसाच्या थाळ्यांची संख्या ठरवून दिलेली असते आणि ती भुकेप्रमाणे वाढत नाही. त्यातही डॉक्टरांचा राऊंड कधीकधी बारालाच येई. राऊंडच्या वेळी खाटेजवळ नातेवाईक नसला तर पुढची औषधे कोण आणणार, म्हणून माणसे हलत नसत, आणि ती मोकळी होऊन येईपर्यंत येथे पातेली घासायला पडलेली असत.

रात्री काहीच नसे. चेन्नईच्या महापालिकेने २०१३ मध्ये सुरू केलेल्या अम्मा उणवगममध्ये सकाळी एक रुपयाला इडली, दुपारी पाच रुपयांना सांबारभात आणि रात्री तीन रुपयांना डाळीबरोबर दोन चपात्या अशी तिन्ही वेळांची सोय होती. बंगळूरमध्ये २०१७ मध्ये आलेल्या इंदिरा कँटीननेही न्याहारी आणि दोन वेळचे जेवण दिले. आपल्याकडे मात्र गरिबाला भूक दुपारीच लागते असे गृहीत धरलेले दिसते. संध्याकाळी एका मंडळाची खिचडीची गाडी फाटकाशी येत असे. खिचडी उत्तम होती. ती घेतानाही आमचे फोटो निघत, पण ते वाढणाऱ्यांच्या स्टेटसवर लावण्यासाठी होते, त्यामुळे त्यांत वाढणाराच मधोमध उभा असे.

फोटोचा विषय निघालाच आहे तर तोच या परीक्षणाचा खरा विषय आहे हे सांगून टाकतो. शिवभोजन थाळी घेणाऱ्याचे नाव आणि फोटो मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये नोंदवावा लागतो. यामागचे कारण मला मान्य आहे. एकाच माणसाचा फोटो पुन्हा पुन्हा लावून न वाढलेल्या थाळ्यांचे अनुदान उचलल्याच्या तक्रारी झालेल्या आहेत, आणि त्याआधी १९९५ च्या झुणका-भाकर केंद्रांचे काय झाले हेही आपण पाहिले आहे : एक रुपयात झुणका-भाकर देण्यासाठी मोक्याच्या जागा मिळाल्या, आणि काही वर्षांत त्यांतल्या कित्येक जागी वडापाव आणि चायनीजच्या गाड्या उभ्या राहिल्या. चोरी रोखायलाच हवी. पण चोरी करणारा वाढणारा असू शकतो किंवा तपासणारा असू शकतो; दोन पोळ्या खाऊन जाणारा माणूस या व्यवहारात काय चोरणार? तरीही आपण खोटे नाही हे सिद्ध करण्यासाठी रोज मान वर करून उभे राहावे लागते ते त्यालाच.

चौथ्या दिवशी माझ्यापुढे एक सून आणि तिची सासू रांगेत होत्या. सुनेने पदर पुढे ओढलेला होता. मोबाइल धरलेली मावशी म्हणाली, “बाई, पदर जरा मागं घ्या, फोटो यायना गेलाय.” सून हलली नाही. सासू म्हणाली, “माझाच काढा की दोनदा.” त्यावर मावशीने, अजिबात न चिडता, तसे चालत नाही, चेहरा दिसला नाही तर बिल कापतात, असे सांगितले. मागे रांग खोळंबली होती. कोणी काही बोलले नाही. पण खोळंबलेल्या रांगेचे न बोलणेही ऐकू येते. अखेर सुनेने पदर कपाळापर्यंत नेला, फोटो निघाला, तिने पदर पुन्हा ओढला आणि ताट घेऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली. याच मराठवाड्यात, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगरमध्ये पंगतीत बसणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. धर्मस्थानाचा आणि सरकारी तिजोरीचा हिशेब वेगळा असतो हे मला कळते. तरी खानावळीत नव्वद रुपये देणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही आणि दहा रुपये देणाऱ्याचा काढतात, तेव्हा उरलेल्या रकमेच्या बदल्यात आपण त्याच्याकडून काय घेतो आहोत याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. पावतीवर क्रमांक छापून किंवा शिल्लक धान्याशी ताळा घालून ही तपासणी होऊ शकणार नाही, असे मला वाटत नाही. ती थोडी अधिक कटकटीची होईल, एवढेच. पण मग ती कटकट तपासणाऱ्याच्या वाट्याला येईल.

माझ्यापुरते सांगायचे तर पहिल्या दिवशी फोटो देताना मी नकळत चष्मा काढला होता. ओळखीच्या कोणाला दिसू नये म्हणून, की फोटो नीट यावा म्हणून, हे माझे मलाच नक्की सांगता येत नाही.

शासकीय कर्मचाऱ्यांनी ही थाळी घेऊ नये असा नियम आहे. मी शासकीय कर्मचारी नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे माझे जेवणे वैध होते. सातव्या दिवशी त्या वैधतेचा फारसा उपयोग झाला नाही. त्या दिवशीचे शेवटचे ताट माझ्या हातात आले आणि माझ्या मागे उभा असलेला, हाताला सलाईनची पट्टी तशीच असलेला एक म्हातारा रिकामा राहिला. मी ताट पुढे केले तर तो घेईना, “तुमचा फोटो निघालाय” म्हणाला. मावशीने मोबाइल बाजूला ठेवला, पातेल्याच्या बुडाचा भात खरवडला, त्यावर वरण ओतले, स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून ठेवली आणि ताट त्याच्यापुढे सरकवले. पैसे घेतले नाहीत, कारण घेतले असते तर ते कोठे दाखवायचे हा प्रश्न होता. अ‍ॅपमध्ये त्या दिवशी ठरलेल्या संख्येइतक्याच थाळ्या दिसल्या असतील. आठव्या दिवसापासून मी पावणेदोनला, सगळे उठून गेल्यावर जाऊ लागलो. त्या दोन्ही दिवशी थाळी थोडी शिल्लक होती म्हणून मिळाली.

ज्यांचे माणूस अशा रुग्णालयात दाखल आहे, त्यांनी संकोच न करता या केंद्रांत जेवावे असेच मी सुचवीन. उसळीच्या दिवशी साडेबाराच्या आत रांगेत उभे राहावे, दहा रुपये सुटे न्यावेत, रात्रीची सोय वेगळी पाहावी. पेला स्वतःचा न्यावा.