गुडघ्याची फिजिओथेरपी: पालिकेचं हॉस्पिटल, गल्लीतलं क्लिनिक की घरी येणारा फिजिओ?

एक्स-रे झाला, ऑर्थोपेडिकने 'झीज आहे, पण ऑपरेशनची घाई नको' म्हणत कागदावर फिजिओ लिहून दिलं. आता जायचं कुठे? काम तिन्ही ठिकाणी तेच आहे: मांडीचा पुढचा स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट करायचे. त्यांनी भार पेलला की गुडघ्याला आराम पडतो. झिजलेली कूर्चा व्यायामाने भरून येत नाही, दुखणं मात्र बऱ्यापैकी कमी होतं. म्हणून मी दोनच गोष्टी बघेन: तिथे व्यायाम खरोखर करून घेतात का, आणि आपलं माणूस आठवड्यातून दोन-तीनदा तिथवर पोचेल का.

पैशाने सगळ्यात स्वस्त म्हणजे मुंबईत पालिकेची हॉस्पिटलं: केईएम, सायन, नायर, कूपर. केईएमचं फिजिओथेरपी स्कूल १९५३ सालचं. हाजीअलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. शिकवणाऱ्या हॉस्पिटलात विद्यार्थी तपासतात म्हणून लोक नाक मुरडतात. मला तो फायदा वाटतो. गुडघा किती वाकतो हे कोन मापून लिहितात, चालून दाखवायला लावतात, वर शिक्षकाची नजर असते. अडचण वेळेची. सकाळी केसपेपरची रांग, आधी ऑर्थोची ओपीडी, मग फिजिओ. निवृत्त माणसाला जमेल, नोकरदाराला प्रत्येक वेळी अर्धी सुट्टी टाकावी लागेल. आणि दुखऱ्या गुडघ्याने स्टेशनचे जिने चढणं-उतरणं आलंच.

गल्लीतलं क्लिनिक बहुतेकांना सोयीचं. ऑफिसहून येता येता जाता येतं. पण खरी पारख इथेच करावी लागते. काही ठिकाणी पेशंटला खाटेवर झोपवायचं, गुडघ्याला आयएफटीचे, म्हणजे विजेचा सौम्य प्रवाह सोडणारे, पॅड चिकटवायचे, मग थोडा अल्ट्रासाउंडचा सेक आणि 'उद्या या'. शेजारच्या दोन खाटांवरही तेच चाललेलं. त्या वेळापुरतं बरं वाटतं, नाही असं नाही. पण ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत झिजेच्या दुखण्यासाठी टेन्स, आयएफटी, अल्ट्रासाउंड असले विजेचे उपचार देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय, आणि व्यायाम सगळ्यांना द्या असंही. तेव्हा पहिल्या दिवशी बघा: खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं का? जिना चढताना दुखतं की उतरताना, हे विचारलं का? गुडघ्याखाली गुंडाळलेला नॅपकिन ठेवून तो पाच आकडे मोजेपर्यंत खाली दाबायचा, हा सुरुवातीचा व्यायाम. महिन्याभरानेही तेवढाच चालला असेल तर पैसे वाया चाललेत. तोवर खुर्चीतून ऊठ-बस, पायरीवर चढ-उतर, पायाला वजन बांधणं इथपर्यंत गाडी यायला हवी.

घरी येणारा फिजिओ महाग, पण काही घरांत दुसरा इलाजच नसतो. सांधा नुकताच बदललाय, बिल्डिंग जुनी, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, अशा वेळी पहिले काही आठवडे त्यालाच बोलवा. तो घर बघतो हे महत्त्वाचं: दिवाण फार बुटका आहे, संडास भारतीय आहे, पोळ्या लाटायला आई खाली बसते. आपल्याच जिन्यावर तो शिकवतो की चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा. तोटे दोन. वजनं आणि साधनं फारशी नसतात, आणि फिजिओ आला तरच पाय हलवायचा अशी सवय लागते. जिना उतरता यायला लागला की क्लिनिक गाठावं.

यूट्यूब बघून व्यायाम? आधी कुणी तरी गुडघा तपासलेला असेल तर उजळणीपुरता ठीक.

इंजेक्शनचं काय, असं बरेच जण विचारतात. अमेरिकेत १५६ जणांवर झालेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा कमी होतं.

व्यायाम करताना थोडं दुखणारच. दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं तर चालू ठेवा, गुडघा सुजला तर प्रमाण कमी करा आणि फिजिओला सांगा. मात्र ताप येऊन गुडघा लाल-गरम झाला, मध्येच अडकून सरळ होईना, पाय टेकवेना किंवा पोटरी सुजली, तर यातलं कुठलंच ठिकाण नको, थेट डॉक्टर गाठा.

आणि क्लिनिकने पहिल्याच दिवशी वीस सेशनचं पॅकेज पुढे केलं, तर आत्ता चारचेच भरते, पुढचं मग बघू, असं बिनदिक्कत सांगा.