भरती की गलाई? बारावी झालेल्या विट्याकडच्या पोरासाठी

खानापूर-आटपाडीकडच्या घरांत बारावीचा निकाल लागला की दोन वाटा हमखास निघतात. सैन्यभरती, नाहीतर मामाच्या गलाई दुकानात, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायच्या दुकानात, केरळ, पंजाब, दिल्ली. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून डाळिंब-द्राक्षं हीही एक वाट झालीय, पण ती बापाच्या जमिनीवर ठरते, म्हणून इथं सोडून देतो.

भरतीचे आकडे कागदावर आहेत. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये. ३० टक्के सेवा निधीला (शेवटी एकरकमी मिळणाऱ्या रकमेला) कापून हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. चार वर्षांनी बाहेर पडताना सुमारे ११.७१ लाख. गावात हा आकडा सरकारी बक्षिसासारखा सांगतात. त्यातले पाच लाख आपल्याच पगारातून कापलेले असतात. तेवढेच सरकार घालतं, वर व्याज. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. कायम होतात जास्तीत जास्त २५ टक्के. पुढं केंद्रीय दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा आहेत, पण तिथंही पुन्हा रांगेत उभं राहायचंच.

गलाईत कागद कमी. पगार मालक ठरवतो, आणि मालक बहुधा नात्यातला, त्यामुळं ‘किती देणार?’ विचारायला पोरं लाजतात. काम मात्र खरं हुनराचं. जुन्या सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून वितळवायचं, मग तेजाबात (नायट्रिक आम्लात) सोडायचं. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी राहतं. ती धुऊन टाकणखारासोबत मुशीत आटवली की पिवळंधमक. त्या तेजाबातून उठणारा तांबूस धूर फुफ्फुसाला फार वाईट. आणि चोरीच्या मालाची भीती कायमची: गिऱ्हाइकानं आणलेला तुकडा कुठला, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. पोलीस दारात आले की परका मुलूख, परकी भाषा.

तरीही माणसं जातात, कारण नोकर म्हणून गेलेला पुढं स्वतःचं दुकान टाकू शकतो. पंचविशीत हातात धंदा असणं आणि पंचविशीत पुन्हा अर्ज भरणं, यात मला पहिलंच बरं वाटतं.

पण ज्याचा ना मामा ना चुलता गलाईत, त्यानं हा हिशोब करू नये. अनोळखी पोराच्या हाती कुणी सोनं देत नाही. त्याच्यासाठी भरतीच.

नातं असेल आणि १६०० मीटर साडेपाच मिनिटांत निघत असतील, तर आधी भरती द्यावी. तिथं वयाची अट आहे, गलाईत नाही. पळणं जमतच नसेल, तर भरतीच्या अकॅडमीची फी भरत दोन-तीन वर्षं घालवण्यापेक्षा सरळ गाडीत बसावं. बसण्याआधी मामाला तीन गोष्टी विचारून घ्या: पगार किती, दुकानात धूर बाहेर काढायची सोय आहे का, आणि टंच काढायला, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासायला, कधी शिकवणार. तिसऱ्याला ‘बघू’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या दुकानाची चौकशी सुरू करा.