‘शाहिद’ : कोंदट कोर्टातला खरा वकील

हिंदी चित्रपटांनी आपल्याला जे न्यायालय दाखवून सवय लावली आहे, त्यात उंच छत असते, पिंजऱ्यात उभा आरोपी असतो आणि टाळ्या वाजवायला टपलेली गर्दी असते. एका नातेवाइकाच्या खटल्यापायी वर्षभर सत्र न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्यामुळे मला असे दृश्य आले की हसू आवरत नाही. हंसल मेहता यांचा ‘शाहिद’ पाहताना मात्र ते हसू आले नाही. इथले कोर्ट म्हणजे एक अरुंद, कोंदट खोली आहे. दोन्ही बाजूंचे वकील एकमेकांचे वाक्य तोडत भांडतात, न्यायाधीश वैतागून दोघांनाही दटावतात, आणि ज्याच्या आयुष्याचा निकाल लागायचा तो आरोपी कोपऱ्यात जवळजवळ विसरला गेलेला असतो.

चित्रपट मुंबईतील वकील शाहिद आझमी यांच्या जीवनावर आहे. गोवंडीत वाढलेल्या या मुलाने १९९२-९३ च्या दंगली पाहिल्या, तो काश्मीरमधील अतिरेक्यांच्या एका प्रशिक्षण छावणीपर्यंत गेला, तेथून माघारी आला, आणि १९९४ मध्ये ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक होऊन त्याची पुढची काही वर्षे तिहार तुरुंगात गेली. सुटल्यावर त्याने कायद्याची पदवी घेतली आणि दहशतवादाच्या आरोपाखाली कच्चे कैदी म्हणून खितपत पडलेल्यांची वकीलपत्रे घेतली. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील कार्यालयात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते. हा शेवट लेखक-दिग्दर्शकांनी लपवून ठेवलेला नाही; चित्रपट हत्येपासूनच सुरू होतो आणि मग मागे जातो, त्यामुळे पुढच्या प्रत्येक तारखेवर या माणसाच्या हाती किती थोडा वेळ उरला आहे, याची जाणीव प्रेक्षकाला सतत राहते.

पूर्वार्ध मात्र घाईचा झाला आहे. छावणीत गेलेला मुलगा तेथून परत का फिरतो, हा या आयुष्यातला सर्वांत अवघड प्रश्न, आणि तोच दोन-चार दृश्यांत उरकला जातो. तिहारमध्ये के. के. मेनन यांनी रंगवलेला वडीलधारा कैदी शाहिदला शिक्षणाकडे वळवतो, तेही काम छोटे असून लक्षात राहते, पण तेथे आणखी थोडे थांबायला हवे होते.

चित्रपटाला खरी पकड येते ती वकिली सुरू झाल्यावर. २६/११ च्या खटल्यात फहीम अन्सारी यांच्यावर मुंबईचे नकाशे काढून दिल्याचा आरोप होता, आणि त्यांपैकी एक नकाशा मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात सापडल्याचे सरकार पक्षाचे म्हणणे होते. पँट रक्ताने माखलेली. मग कागदावर डाग का नाही, घडीची चुरगळ का नाही? चित्रपटातील नकाशाची उलटतपासणी पाहताना जाणवते, की बचावाच्या वकिलाचे काम भाषण ठोकण्याचे नसते. शेकडो पानांचे दोषारोपपत्र रात्र-रात्र वाचून त्यातला असा एक कोरा कागद शोधण्याचे असते. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने फहीम यांची निर्दोष मुक्तता केली, आणि ती पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. तो निकाल ऐकायला त्यांचा वकील हयात नव्हता.

राजकुमार राव यांच्या अभिनयाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नाही (मेहता यांनाही दिग्दर्शनासाठी तो मिळाला). त्यांचा शाहिद आवाज चढवतो तेव्हाही नाटकी होत नाही, आणि तोंडाला काळे फासले जाते त्या प्रसंगात त्यांनी दाखवलेला अपमान रागापेक्षा ओशाळलेपणाच्या जवळ जातो. मोहम्मद झीशान अय्यूब यांनी साकारलेला भाऊ आरिफ मला तितकाच महत्त्वाचा वाटला, कारण एकाने तत्त्वासाठी लढायचे म्हटले की घरखर्च दुसऱ्याच्या डोक्यावर येतो, हे चरित्रपट सहसा सांगत नाहीत. मरियमचा भागही असाच धीट आहे. मालमत्तेच्या वादात अशील म्हणून आलेल्या, एका मुलाच्या आईशी शाहिद लग्न करतो, आणि आपल्या आईला भेटायला नेताना तिलाच बुरखा घालायला सांगतो. परक्यांच्या हक्कांसाठी झगडणारा हा माणूस घरात कच खातो. दिग्दर्शकाने ते झाकले नाही. त्यांच्या संसाराची पुढची पडझड मात्र तुटक वाटते.

सात वर्षांच्या वकिलीत शाहिद यांनी १७ आरोपींची निर्दोष मुक्तता मिळवल्याचे चित्रपट सांगतो. चित्रपट २०१३ मध्ये भारतात प्रदर्शित झाला, पण तो आज पाहणाऱ्याला त्याचे संदर्भ वेगळे लागतील. २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातही शाहिद बचावाचे वकील होते. त्या खटल्यातील १२ आरोपींना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरवले आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. अटकेपासून त्या निकालापर्यंत १९ वर्षे गेली होती. पडद्यावर शाहिद पुन्हा पुन्हा न्यायाधीशांपुढे एकच तक्रार मांडतो, की खटला लांबतो आहे आणि माझा अशील आत आहे. ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा पटकथेतला नेहमीचा संवाद म्हणून सोडून दिले होते.