पन्नाशीनंतरची नोकरी आणि ‘रिफंडेबल’ डिपॉझिट

नोकरीच्या नावाखाली गंडवणारे कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांच्या मागे असतात, असा सर्वसाधारण समज आहे. पण पोरांकडे असून असून पैसे किती असणार? व्हीआरएस घेतलेला, पीएफ-ग्रॅच्युइटी नुकतीच खात्यात जमा झालेली आणि मुलांची शिक्षणं अजून बाकी असलेला पन्नाशीतला माणूस त्यांना जास्त परवडतो. मी त्यातलाच. नाशिकला सातपूर एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी विभागात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. मग लाइन दुसऱ्या राज्यात हलली आणि आम्हा जुन्यांपुढे व्हीआरएसचे कागद आले. पुढे नोकरी शोधताना माझ्याकडून २७,२५० रुपये काढून घेतले गेले. लोकांचे लाखांनी जातात, त्यामानाने ही रक्कम किरकोळ. पण काढून घेण्याची पद्धत पक्की ठरलेली आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो.

नोकरीच्या पोर्टलवर आपण बायोडेटा टाकतो तेव्हा त्यात काय नसतं? वय, शेवटचा पगार, नोकरी सुटल्याची तारीख, मोबाइल नंबर, ईमेल. पैसे भरून रिक्रूटरचं खातं उघडलं की हे सगळं समोर येतं, आणि अशा याद्या पुढे विकल्याही जातात. म्हणजे फोन करणाऱ्याला तुमच्याबद्दल फार काही शोधावं लागत नाही. तुम्हीच ते लिहून ठेवलेलं असतं.

वयाचा आकडा बघून खऱ्या कंपन्या उत्तरही देत नव्हत्या. अशात एक दिवस फोन आला, ‘सर, आपका प्रोफाइल चाकण प्लांट के लिए शॉर्टलिस्ट हुआ है.’ कंपनीचं नाव देशभर माहीत असलेलं. बाईंचं बोलणं अदबीचं. आधी १,९५० रुपये रजिस्ट्रेशन, मग ‘प्लांट हेड’बरोबर फोनवर मुलाखत. त्या गृहस्थांनी पीपॅप, म्हणजे नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची पद्धत, विचारलं, ग्राहकाची तक्रार आल्यावर एट-डी, म्हणजे आठ टप्प्यांत दोषाचं मूळ शोधून उपाय, कसं करता ते विचारलं, आणि माझी उत्तरं शांतपणे ऐकून घेतली. हे प्रश्न इंटरनेटवर शेकड्यांनी सापडतात, विचारायला ज्ञान लागत नाही. पण महिनोन्‌महिने ज्याला कुणी काही विचारलेलं नाही, त्याला असं विचारणारा कुणी भेटला की पगाराचा आकडा दुय्यम होतो. ‘इस उमर का एक्सपीरियन्सही हमें चाहिए,’ हे वाक्य त्यांच्या कागदावर लिहूनच ठेवलेलं असणार.

पुढच्या पायऱ्या नीट बघा. रजिस्ट्रेशनचे पैसे गेले की मुलाखत मिळते. मग ‘डॉक्युमेंट आणि पोलिस व्हेरिफिकेशन’चे ६,८०० गेले की ऑफर लेटर येतं. ‘लॅपटॉप आणि सेफ्टी किट डिपॉझिट, पहिल्या पगारात परत’ म्हणून १८,५०० गेले की जॉइनिंगची तारीख आणि गेटपास येतो. प्रत्येक वेळी पैशांच्या बदल्यात काहीतरी हातात पडतं, त्यामुळे आपण पुढे सरकतोय असं वाटत राहतं. रक्कम वाढते, पण आधी गेलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढची भरतो. चौथी मागणी ३२,००० रुपयांच्या बाँडची होती आणि आजच्या आज भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असा निरोप होता. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर नाव दिसतं ते कंपनीचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. विचारल्यावर ‘अकाउंट्स ऑफिसरचं खातं आहे’ असं ठोकळेबाज उत्तर तयार होतं. कंपनी आपल्या कारकुनाच्या खासगी खात्यात डिपॉझिट घेत नसते.

बाँडचे पैसे भरण्याआधी ते ऑफर लेटर मी आमच्या जुन्या कारखान्यातल्या टाइम ऑफिसच्या एका सहकाऱ्याला दाखवलं. हे गृहस्थ आयुष्यभर पगारपत्रकं काढत आलेले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि कपातीच्या रकान्यात पीटीवर, म्हणजे व्यवसाय करावर, बोट ठेवलं.

‘अहो, हा पीटी बघा. महिना २०८.’

‘मग?’

‘आपल्याकडे २०० कापतात आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. हे २०८ दुसऱ्या राज्यांतल्या स्लिपवर असतात. साहेब, हे पत्र महाराष्ट्रात बसून कुणी केलेलं नाही.’

मग एकेक गोष्ट निघत गेली. पत्ता चाकणचा, पिन मात्र ४११००१, म्हणजे पुणे कॅम्पाचा. चाकणचा आहे ४१०५०१. पगाराच्या तक्त्यात मधल्या दोन ओळींचा टाइप वेगळा, म्हणजे जुन्या कुणाच्या पत्रावर आकडे बदललेले. ईमेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावाला ‘करिअर्स’ असं शेपूट जोडलेलं. असलं डोमेन कुणीही थोड्या पैशांत नोंदवू शकतो. कंपनीचं खरं डोमेन तिच्या वेबसाइटवर असतं तेच. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे आधार, पॅन, मार्कशीट, सगळं मागून घेतलं होतं, पण यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, कुणी विचारला नव्हता. तीस वर्षं पीएफ कापलेल्या माणसाला कामावर घेताना खरी कंपनी आधी यूएएन आणि रिलिव्हिंग लेटर मागते.

पोलिस व्हेरिफिकेशनबद्दलही एक सांगतो. महाराष्ट्रात नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला लागला तर उमेदवार स्वतः पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवर अर्ज करतो आणि शुल्क सरकारकडे जातं. ते तिसऱ्याच कुणाच्या यूपीआयवर जाण्याचं कारणच नाही.

कंपनीच्या वेबसाइटवरून चाकणच्या प्लांटचा बोर्ड नंबर घेऊन फोन लावला. एचआरमधल्या मुलाने माझं वाक्य पुरं व्हायच्या आत विचारलं, ‘काका, पैसे किती भरलेत?’ अशी पत्रं घेऊन माणसं थेट गेटवर येतात म्हणाला, सामानाची बॅग घेऊन.

पैसे गेल्याचं कळलं की पहिला फोन १९३० ला. आधी पोलिस ठाणं, मग बँक, मग ओळखीचा वकील, या क्रमात वेळ जातो आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांमधून फिरून कुठल्यातरी एटीएममधून निघतात. १९३० वर यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचं नाव विचारतात, ते लिहूनच फोनला बसा. हीच तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही करता येते. पोचपावतीचा नंबर मिळतो तो जपून ठेवा, पुढे बँक आणि पोलिस दोघेही तोच मागतात. फोनवरचं चॅट आणि कॉल लॉग रागाच्या भरात डिलीट करू नका, बरेच जण तेच करतात. पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदताना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि आयटी कायद्याचं ६६-डी, ही दोन नावं कानावर येतील. आता ४२० म्हणत नाहीत, तो कायदा १ जुलै २०२४ पासून बदलला.

माझ्या शेवटच्या रकमेतले काही हजार एका खात्यात गोठवलेले सापडले. गोठवले म्हणजे लगेच परत मिळाले असं नाही. त्यासाठी तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता. याच काळात एक नवीन फोन आला, ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सुटले आहेत, दहा टक्के प्रोसेसिंग भरा.’ एकदा फसलेल्यांची यादीही विकली जाते, हे तेव्हा कळलं.

पैशांइतकीच काळजी कागदांची. आधार आणि पॅनच्या प्रती त्यांच्याकडे राहिल्यात, म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं. क्रेडिट रिपोर्ट मागवून आपल्या नावावर कुणी कर्ज उचललंय का ते बघतो. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आणि राज्याचं महास्वयम, दोन्हीकडे नोंदणीला पैसे पडत नाहीत. जिल्हा कौशल्य विकास केंद्राचे रोजगार मेळावेही फुकट असतात. तिथे गर्दी तरुणांची असते हे खरं, पण लघुउद्योगवाले स्वतः बसलेले असतात आणि त्यांना शिकाऊ पोरांइतकाच अनुभवी सुपरवायझरही हवा असतो. बऱ्या प्लेसमेंट एजन्सीचं कमिशन कंपनी देते. आखातातल्या नोकरीचं आमिष असेल तर एजंटचं लायसन्स सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. परवानाधारक एजंटलाही ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घ्यायची परवानगी नाही.

माझ्या वयाच्या माणसाला पोर्टलवरून काम मिळण्याची आशा मला आता फारशी वाटत नाही, हे माझं मत. मिळतं ते ज्यांनी आपलं काम पाहिलंय त्यांच्याकडून. ज्यांचा माल मी वर्षानुवर्षं नापास करत आलो, त्या अंबडच्या एका सप्लायरने मला बोलावून घेतलं आणि ‘आता आमच्या बाजूने बसून आधीच नापास करा’ म्हणाला. सहा महिन्यांचं कंत्राट, आठवड्यातून चार दिवस. रुजू होताना त्याने यूएएन, रिलिव्हिंग लेटर, बँकेचा कॅन्सल्ड चेक आणि दोन फोटो घेतले. सेफ्टी शूज त्यानेच दिले, एक नंबर मोठे निघाले ते दुसऱ्या दिवशी बदलून मिळाले.