रूफ बॉक्स, सात महिने: पेटी चांगली, शिट्टी वाईट

काल रूफ बॉक्सच्या, म्हणजे गाडीच्या टपावर बसवायच्या सामानाच्या पेटीच्या, कंपनीची मेल आली. वॉरंटी नाकारली. का, तर मी पाठवलेल्या फोटोत पेटीखालच्या आडव्या दांडीला 'कंपनीची नसलेली वस्तू' गुंडाळलेली दिसते. ती वस्तू म्हणजे परकराची नाडी. म्हणून हे लिहायला बसले, नाहीतर पाच स्टार देऊन गप्प बसले असते.

पेटी १६ घनफुटांची, काळी, दोन्ही बाजूंनी उघडणारी, सोबत दोन दांड्या. मे महिन्यात सेलमध्ये घेतली. पानगळीच्या दिवसांतले अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचे हॉटेलदर पाहून मी तंबूत राहायचं ठरवलं, आणि तंबू, खुर्च्या, शेगडी गाडीत मावेनात. नवऱ्याला मोठी गाडी भाड्याने हवी होती. त्या भाड्यात पेटी येऊन वर पैसे उरले.

आता शिट्टी. दांडीच्या वरच्या खाचेत एक रबरी पट्टी बसते. माझ्या सेटमधली पुढची पट्टी वीतभर आखूड निघाली. उघड्या राहिलेल्या खाचेतून ताशी पंचावन्न मैलांच्या वेगाला वारा कुजबुजायला लागतो आणि साठच्या पुढे कुकरसारखा ओरडतो. फक्त कुकरची शिट्टी थांबते. कंपनीने आधी फोटो मागितला, मग व्हिडिओ, मग 'आवाज नीट ऐकू येईल असा' व्हिडिओ. ऑगस्टमध्ये उत्तर आलं की पट्टी सुटी मिळत नाही, दांड्यांचा अख्खा सेट घ्या, ६४ डॉलर. वीतभर रबरासाठी! जुलैत मी याच पेटीला एक स्टार दिला होता.

ऑक्टोबरमध्ये आम्ही न्यू जर्सीहून निघालो, शिट्टीसकट. कनेक्टिकटच्या पुढे नवऱ्याने गाणी लावणंच सोडून दिलं. व्हर्माँटमध्ये शिरल्यावर एका विसाव्याच्या जागी गाडी थांबवली आणि मी शिवणाचा डबा काढला (डबा बिस्किटांचाच, निळा, सगळ्यांच्या घरी असतो तो). त्यात नाडीची गुंडी होती. पुढच्या दांडीला चार-चार बोटांवर तिरके वेढे दिले आणि दोन्ही टोकांना घट्ट गाठी मारल्या. वारा खाचेवरून एकसंध सरकला की शिट्टी वाजते, वेढे आडवे आले की तो तुटतो. पासष्टला गाडी गेली, आवाज नाही. नवरा पाच मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला, "नाडी किती पडली?" मला वाटतं पंधरा रुपये, दादरला.

विंडसरला उतरून पहिला छपराचा पूल, म्हणजे वर छप्पर घातलेला लाकडी पूल, केला, कॉर्निश-विंडसर. १८६६ सालचा, ४४९ फूट लांब, या काठाला व्हर्माँट, त्या काठाला न्यू हॅम्पशायर, खाली कनेक्टिकट नदी. आत शिरलं की दोन्ही बाजूंना जाड लाकडांची तिरकी जाळी आणि भर दुपारी तिन्हीसांजेसारखा अंधार. तोंडावर जुन्या ताकिदीची पाटी: घोडे न पळवता चालीने न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. छप्पर माणसांसाठी नव्हे, लाकडासाठी. उघड्या पुलाची मुख्य लाकडं पावसाने थोड्या वर्षांत कुजतात आणि ती बदलण्यापेक्षा वरचं छप्पर बदलणं स्वस्त पडतं. कोकणात मातीच्या भिंतीला पावसाआधी झावळ्यांचा आडोसा करतात, तोच हिशोब. मला तर असा हिशोब फार आवडतो.

पेटीची खरी परीक्षा न्यू हॅम्पशायरमध्ये, कँकामॅगसवर. लिंकन ते कॉनवे साडेचौतीस मैलांचा रस्ता, मध्ये एकही पेट्रोल पंप नाही. लिंकनला एका ठिकाणी वाफेची गाडीच छपराच्या पुलातून नेतात, तो पूल व्हर्माँटमधून सुटा करून आणलाय. पण ती रुळावरची, तिला उंचीची चिंता नाही. कॉनवेच्या अलीकडे अल्बानीचा पूल लागतो, १८५८ चा, आणि पाटी सांगते की ७ फूट ९ इंचांपेक्षा उंच गाडी नको. पेटीच्या माहितीपत्रकात पेटीची उंची आहे. दांड्यांसकट किती भरते, ते कुठेच नाही. पुन्हा डबा उघडला. शिवणाची टेप ६० इंचांची, म्हणून दारावर बोट धरून दोनदा मापली. ८८ इंच. म्हणजे पाच इंच मोकळे. तरी नवरा खाली उतरून पुढे चालत गेला आणि मी पहिल्या गिअरच्या चालीने मागून. आत शिरताना मी मान खाली घातली होती, जणू माझंच डोकं लागणार होतं.

त्या रात्री धो धो पाऊस. सकाळी पेटी उघडली तर तळाशी ठेवलेली टिश्यूची गड्डी कोरडी. तो एक स्टार तिथेच मागे घेतला.

रेल्वे दोन केल्या. नॉर्थ कॉनवेची गाडी १८७४ च्या स्टेशनातून सुटते. जेवणाच्या डब्याचं तिकीट बघून आम्ही साध्या डब्यात बसलो आणि तिखटमिठाच्या पुऱ्या नंतर पार्किंगमध्ये, पेटीच्या झाकणाखाली खाल्ल्या. माउंट वॉशिंग्टनच्या दातेरी रुळाच्या गाडीचं तिकीट मात्र घेतलं आणि कुरकुरले नाही. माथेरानची गाडी वळसे घेत चढते, ही नाकासमोर. १८६९ पासून चालू, आणि सगळ्यात उभ्या चढाला शंभर फुटांत ३७ फूट वर. ती बांधणाऱ्या सिल्व्हेस्टर मार्शने परवानगी मागितली तेव्हा म्हणे विधिमंडळाने हसून सांगितलं होतं, चंद्रापर्यंत बांधा हवी तर.

तक्रारी आणखी आहेत. पेटी लावली की गॅलनमागे तीन-चार मैल कमी मिळतात, आणि ती एकट्याने उतरवता येत नाही. पण कुलूप पक्कं, बिजागरी अजून ढिली नाही.

वॉरंटीवाल्यांना आज उत्तर पाठवलं: नाडी काढून नवीन फोटो देते, आधी पट्टी पाठवा. नाडी काढलेली नाही. हिरवी आहे, आणि काळ्या दांडीवर बरी दिसते.