एकशे दहा ग्रॅमचं जॅकेट आणि काजूचा काटा

हर्णैच्या बंदरावर पापलेट घेताना मी कल्ला उघडून बघतो. आत लाल दिसलं नाही तर पुढची पाटी. हापूसची पेटी देठाजवळ नाक लावल्याशिवाय घेत नाही. बाजारात मला फसवणं सोपं नाही, अशी माझी स्वतःबद्दल फार दिवसांची समजूत होती. मग मी मोबाइलवर फोटो बघून जॅकेट घेतलं. तेही पैसे आधी देऊन.

आम्हा दापोलीच्या पाच-सहा जणांना रविवारी चालायचा नाद आहे. कधी आंजर्ल्याचा सडा (म्हणजे कातळाचं उघडं पठार), कधी लाडघर-बुरोंडीचा किनारा, थंडीत खेडच्या बाजूचे गड. सड्यावर उभं राहिलेल्यांना सांगायला नको, तिथे वाऱ्याला अडवायला झाडसुद्धा नसतं. स्वेटरमधून वारा आरपार जातो. रेनकोट घातला तर माणूस आत उकडतो. मला हवं होतं ते हलकं, घडी करून पाठपिशवीच्या खिशात जाणारं, फक्त वारा थोपवणारं जॅकेट. आपल्याकडे त्याला विंडचीटर म्हणतात. (नावातच चीटर आहे, हा विनोद घरातल्या प्रत्येकाने एकेकदा करून झालाय. तुम्ही नका करू.)

घोटाळा त्या शब्दातच आहे. आपण पावसाच्या जॅकेटलाही विंडचीटर म्हणतो आणि वाऱ्याच्या जॅकेटलाही. दोन्ही वस्तू वेगळ्या. वाऱ्याचं जॅकेट म्हणजे घट्ट विणलेलं पातळ नायलॉन किंवा पॉलिस्टर, आतून कसलाही लेप नाही. ते वारा बराचसा अडवतं, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतं. भुरभुर पडली तर कापडावर वरून केलेल्या पाणी झटकणाऱ्या प्रक्रियेमुळे थेंब घरंगळतात, सर आली तर भिजतं. पावसाच्या जॅकेटला आतून लेप किंवा पापुद्रा असतो आणि शिलाईवर पट्टी चिकटवलेली असते. पाणी अडवायचं तर ते हवं, पण चढावर त्यात घाम कोंडतो. दोन्ही कामं उत्तम करणारं, शंभर-सव्वाशे ग्रॅमचं आणि दीड हजाराच्या आतलं जॅकेट मी तरी अजून पाहिलेलं नाही. पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं, आणि विकणाऱ्याला ‘मला दोन्ही हवं’ ही माझी हाव बरोबर माहीत होती.

जाहिरातीत बर्फाच्या डोंगरावर नारिंगी जॅकेट घातलेला माणूस. खाली लिहिलेलं : ‘११० ग्रॅम, १००% विंडप्रूफ, १००% वॉटरप्रूफ, १९०टी रिपस्टॉप’. किंमत १,४९९, पैसे आधी दिले तर दीडशे सूट. १९०टी हे मला एखाद्या इंजिनाच्या नंबरासारखं भारदस्त वाटलं. व्हॉट्सॲपवर विचारलं, “सह्याद्रीत चालेल ना?” उत्तर आलं, “सर, हिमालयात चालतं.” एवढ्यावर मी १,३४९ रुपये पाठवले. पानावर पत्ता नव्हता, दुकानाचं पूर्ण नाव नव्हतं, होता तो एक मोबाइल नंबर. मासळीवाल्या मावशीला दहा प्रश्न विचारणारा मी, इथे एक विचारला आणि त्याच्या उत्तरावर खूश झालो.

पार्सल गुरुवारी आलं. रंग झकास होता. हातात घेतल्यावर जरा जड वाटलं, पण नव्या वस्तूत खोट काढायला मन तयार नसतं. शनिवारी आम्ही खेडवरून निमणीमार्गे रसाळगडावर गेलो आणि झोलाईदेवीच्या देवळात मुक्काम केला. पहाटे अंधारात उठून देवळामागच्या उंचवट्यावर निघालो, समोर सुमारगड आणि पलीकडे महिपतगड उजळताना बघायचा म्हणून. जॅकेट अंगात होतं.

दहा मिनिटांच्या चढात पाठ ओली. कोपरापाशी अस्तर चिकटलं. वर पोचलो तर सह्याद्रीकडून असा वारा की कानात शिट्टी. चेन लावली की आत घामाची आंघोळ. चेन उघडली की तोच ओला टीशर्ट बर्फाच्या लादीसारखा. दर दोन मिनिटांनी लाव-उघड, लाव-उघड. बरोबरचा एक जण पंधरा वर्षांपूर्वीचं विटकं जॅकेट घालून निवांत चहा पीत होता. मी त्याच्या जॅकेटला हात लावला. कापड कांद्याच्या सालीसारखं. माझं मेणकापडासारखं. सूर्य उगवला तेव्हा बाकीचे तिकडे बघत होते आणि मी स्वतःची बाही चाचपत होतो.

दापोलीला परतताना मामेभावाच्या काजूच्या दुकानात थांबलो. काउंटरवर काजूगराचा इलेक्ट्रॉनिक काटा. जॅकेट गुंडाळून त्यावर ठेवलं. ३८५ ग्रॅम.

“दादा, खिशात काय ठेवलंयस?” भावाने विचारलं.

खिसे उलटे करून दाखवले. पुन्हा ठेवलं. ३८५. त्याने पाव किलोची काजूची पिशवी माझ्या एका हातात दिली, दुसऱ्या हातात जॅकेट. काही बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

तिथून शेजारच्या टेलरकाकांकडे. त्यांनी जॅकेट उलटं केलं, अंगठ्याने चोळलं, नखाने जरा खरवडलं. नखावर पांढरट पापुद्रा आला.

“हे छत्रीचं कापड आहे रे.”

“काका, रिपस्टॉप आहे.”

“ते काय?”

मी सांगितलं की विणीत ठरावीक अंतरावर जाडसर धागा असतो, त्याचे बारीक चौकोन दिसतात, आणि कापड फाटलं तरी ते तिथेच थांबतं. काकांनी चष्मा पुसून बघितलं. “चौकोन आहेत. छापलेले आहेत.” आणि खरंच, उलट्या बाजूला एकही रेघ नव्हती. मग त्यांनी जॅकेट उताणं पसरून खांद्याच्या शिलाईवर फुलपात्रभर पाणी ओतलं. मोजून दहाएक सेकंदांत खालच्या लाकडी टेबलावर ठिपके उमटले. सुईच्या भोकांवर पट्टीच नव्हती. म्हणजे वाऱ्याचं म्हणून घुसमटणारं आणि पावसाचं म्हणून गळणारं.

१९०टीचा अर्थही मला काकांच्याच टेबलाशी कळला. एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे, तो हा आकडा. छत्री, रेनकोट, पिशवीचं अस्तर, सगळ्याला हेच कापड चालतं. आकडा बहुधा खोटा नव्हताच. मला हवी होती ती माहिती त्यात नव्हती, एवढंच.

आतल्या पट्टीवर फक्त ‘एल’. कोणी बनवलं, कुठे बनवलं, काहीच नाही.

सोमवारी तक्रार केली. काट्यावरचा फोटो पाठवला. लगेच उत्तर, अगदी गोड. “सॉरी सर, चुकून दुसरा पीस आला. रिटर्न पिकअपचे २९९ भरा, पूर्ण पैसे मिळतील.” मी भरले. होय, भरले. गेलेल्या पैशामागे आणखी पैसे धाडायची बुद्धी त्या क्षणी अगदी शहाणपणाची वाटते. पिकअपला कोणी आलं नाही. चार दिवसांनी फोन आला, या वेळी दुसरा माणूस, हिंदीत. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा, पिन टाका, १,६४८ रुपये खात्यात येतील. आकडा अचूक होता, म्हणून विश्वास बसला. मी चौथा अंक दाबायच्या बेतात असताना बारावीतली भाची शेजारून म्हणाली, “मामा, पैसे यायला पिन कसली लागते?”

माझं बोट तसंच राहिलं. यूपीआयचा पिन पैसे जाण्यासाठी टाकतात, येण्यासाठी कधीच नाही. मी रोज दुकानात यूपीआय करतो, आणि हे मला पोरीने सांगावं लागलं. फोन ठेवला तेव्हा तळहाताला घाम होता, तोही जॅकेट न घालता.

त्याच संध्याकाळी १९३० वर फोन केला. ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठी हाच नंबर. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. मी पहिल्या पैशांना महिना व्हायला आलेला असताना केला. व्यवहाराचे क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, सगळं नोंदवलं. वस्तूच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथेही मराठीत बोलता आलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो विक्रेत्याच्या नावाचा आणि पत्त्याचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी कोणाला गाठायचं हे दाखवायलाच हवं. माझ्याकडे सांगायला बर्फाचा डोंगर होता. पैसे अजून आलेले नाहीत.

नंतर दुसरं घेतलं, या वेळी पुण्यात दुकानात जाऊन. आत शिरलो तेव्हा पिशवीत भावाकडचा छोटा वजनकाटा होता. दुकानातला मुलगा हसला, पण मोजू दिलं. आकारानुसार पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतात, तिप्पट होत नाहीत. मग कापड तोंडाला घट्ट लावून फुंकर मारली. हवा अजिबातच जात नसेल तर आत लेप आहे, चढावर घुसमटणार. सहज आरपार जात असेल तर सड्यावर काही उपयोग नाही. जोर लावून जरा जरा गेली पाहिजे. तिथल्या तिथे चिमूटभर पाणीही टाकून बघितलं, थेंब मोत्यासारखा उभा राहिला.

डेनिअर मात्र मुद्दाम विचारलं. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. सात-दहाचं जॅकेट फुलपाखरासारखं हलकं असतं, पण आपल्या वाटांवर करवंदीच्या जाळ्या आहेत. एक काटा आणि खेळ खलास. मी वीसचं घेतलं, थोडं जड चालेल म्हणून. चेन प्लास्टिकची बघितली, कारण किनाऱ्यावर धातूची चेन खाऱ्या हवेने लवकर धरते. टोपीला आणि कमरेला आवळायची दोरी आहे ना हे बघितलं. नाहीतर आंजर्ल्याच्या सड्यावर जॅकेटचं शीड होतं.

आणि ते वापरायचं कसं, हेही पहिल्यांदाच नीट कळलं. चढताना काढून ठेवायचं, टेकाडावर थांबलं की घाम गार व्हायच्या आत घालायचं. खाली सुती बनियन नको, ते ओलं राहतं. किनाऱ्यावरून आलं की गोड्या पाण्यातून काढायचं, साबण सौम्य, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, त्याने पाणी घरंगळायचं थांबतं. पावसाळ्यात कपाटात ओलसर कोंबायचं नाही. लेपाच्या जॅकेटला तर आपली दमट हवा फारच बाधते, आतला थर आधी चिकट होतो मग सुटतो.

नारिंगीवाल्याला पहिल्याच जूनमध्ये तेच झालं, आतून पांढरा कोंडा गळायला लागला. आता ते विहिरीवरच्या पंपाला बांधलंय.

परवा भाचीने एक स्क्रीनशॉट पाठवला. नवं नाव, नवा मोबाइल नंबर. तोच बर्फाचा डोंगर, तोच माणूस, तेच जॅकेट. फक्त वजन आता ९५ ग्रॅम झालंय आणि किंमत ९९९.