गणितात पीएचडी: इथे की अमेरिकेत?

एमएस्सी संपवलेल्या भाचीचा परवा फोन आला. "मामा, टीआयएफआर, आयसर पुणे धरू, की अमेरिकेचे अर्ज भरू?" पहिल्या दोन इथल्या संशोधन संस्था: एक मुंबईत कुलाब्याला, दुसरी पुण्यात पाषाणला.

आधी पैसा. इथे जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग ४२,०००. घरभाडं भत्ता वेगळा. एकट्याचं निभतं. तिकडे बहुतेक ठिकाणी फी माफ आणि डॉलरात मानधन, पण त्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवायचं, पेपर तपासायचे. शिकवण्याची हौस असेल तर हे ओझं वाटत नाही.

वेळ दोन्हीकडे साधारण पाच-सहा वर्षं. एमएस्सीत झालेला मेझर थिअरीसारखा (लांबी-क्षेत्रफळ मोजण्यामागचं गणित) भाग तिकडच्या क्वालिफाइंग, म्हणजे पीएचडीतल्या सुरुवातीच्या पात्रता परीक्षेसाठी पुन्हा घोटावा लागतो.

खरा फरक माणसांचा. गणितात प्रयोगशाळा नसते. लेमा (मोठ्या सिद्धतेतली छोटी पायरी) अडला की महिनोन्‌महिने पान हलत नाही. अशा वेळी त्याच विषयातलं कुणी तरी जवळ लागतं. अमेरिकेतल्या मोठ्या विभागात एकेका उपशाखेचा दर आठवड्याला सेमिनार असतो. आपल्याकडे त्या उपशाखेत कधी कधी एकटा गाईडच. मात्र विभाग लहान, त्यामुळे चहाच्या टपरीवरही त्याला गाठता येतं!

विषय ठरलाय आणि त्यातला माणूस कुलाब्यात किंवा पाषाणला आहे? मग इथेच थांब. विषयच ठरायचा असेल, तर अमेरिकेची पहिली दोन वर्षं वेगवेगळे विषय शिकून बघायला कामी येतील. घरी पैसे पाठवायची जबाबदारी असेल, तर आधी तिथल्या शहराचं भाडं बघ, मग अर्ज भर.